तीन गावे आणि रक्तातील एक आकडा

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक नावाचा जो विस्तीर्ण उपसागर भूमीत खोलवर शिरलेला आहे, त्यात व्हर्जिनिया राज्याच्या हद्दीत टँजिअर नावाचे एक सखल, चिंचोळे बेट आहे. वस्ती कोळ्यांची, चरितार्थ मासे आणि निळे खेकडे यांवर, आणि फार पूर्वी येऊन स्थायिक झालेल्या मोजक्या इंग्रज घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच होत आलेले विवाहसंबंध. १९६० च्या सुमारास या बेटावरील पाच वर्षांच्या एका मुलाचे टॉन्सिल फार वाढल्यामुळे काढून टाकावे लागले, आणि काढलेल्या त्या गाठींचा रंग नेहमीचा तांबूस नसून नारिंगी-पिवळा आहे हे पाहून तपासणाऱ्या वैद्यांना मोठे नवल वाटले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता त्यांतील पेशी कोलेस्टेरॉलने ठासून भरलेल्या आढळल्या. प्रकरण बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्यसंस्थेतील डोनाल्ड फ्रेडरिक्सन यांच्याकडे गेले. त्यांनी मुलाचे आणि त्याच्या बहिणीचे रक्त तपासले, तेव्हा ज्यांच्या पेशी कोलेस्टेरॉलने भरून वाहत होत्या त्यांच्या रक्तात मात्र ते उलट कमीच असल्याचे दिसून आले. आणि रक्तातील लिपोप्रोटीनांचा एक संपूर्ण वर्ग, ज्याला आज आपण एचडीएल म्हणून ओळखतो, त्यांच्या ठायी जवळजवळ नव्हताच. १९६१ साली ही विकृती प्रसिद्ध झाली आणि बेटाचे नाव तिला कायमचे चिकटले.

एचडीएल हे नाव आता सामान्य वाचकाच्या परिचयाचे झाले आहे. चाळिशी उलटलेल्या माणसाच्या घरात रक्ततपासणीचा एखादा तरी कागद असतोच, आणि त्यावर ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणून एक आकडा नोंदलेला असतो, जो वाढला की मन निश्चिंत होते आणि उतरला की काळजी लागते. या आकड्यावर वैद्यकशास्त्राने अर्ध्या शतकात केवढा विश्वास टाकला, तो कोणत्या आधारावर टाकला आणि शेवटी कोणत्या पुराव्यापुढे त्याला तो मागे घ्यावा लागला, हा इतिहास आपल्या लोकांनी मुद्दाम समजून घ्यावा असे मला वाटते. कारण, पुढे सांगेन त्याप्रमाणे, हा आकडा कमी असण्याचे प्रमाण आपल्या देशात विलक्षण मोठे आहे.

प्रथम लिपोप्रोटीन म्हणजे काय ते पाहू. स्निग्ध पदार्थ पाण्यात विरघळत नाहीत, आणि रक्त तर बहुतांशी पाणीच. तेव्हा आतड्यातून शोषलेली किंवा यकृतात तयार झालेली चरबी ऊतींपर्यंत पोहोचवायची तर तिला पाण्यात वावरता येईल असे वेष्टण हवे. शरीर ही तजवीज प्रथिनांच्या साहाय्याने करते : आत कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड, बाहेर फॉस्फोलिपिडांचा पातळ थर, आणि त्या थरात गुंतलेली विशिष्ट प्रथिने, जी त्या कणाने कोठे जावे, कोणत्या पेशीने त्याला आत घ्यावे आणि कोणत्या विकराने त्यावर काम करावे हे ठरवतात. असा कण प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळा केला तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील मिशेल माशबफ यांनी, १९२९ मध्ये, घोड्याच्या रक्तजलातून. परंतु रक्तात असे कण एका प्रकारचे नसून अनेक प्रकारचे आहेत, आणि त्यांतील प्रत्येकाचे हृदयविकाराशी नाते वेगळे आहे, हे उघडकीस यायला आणखी दोन दशके लागली. अणुबाँबच्या प्रकल्पात प्लुटोनियम वेगळे करण्याच्या कामी ज्यांनी हात घातला होता ते जॉन गॉफमन युद्धानंतर वैद्यकाकडे वळले, आणि बर्कली येथील डॉनर प्रयोगशाळेत अतिवेगाने फिरणाऱ्या अपकेंद्री यंत्रात त्यांनी रक्तद्रव घालून पाहिला. त्यांची युक्ती साधी पण मर्मग्राही होती. द्रवात मीठ घालून त्याची घनता वाढवली की प्रथिने तळाशी जातात, आणि चरबी वाहणारे कण आपापल्या घनतेप्रमाणे वेगवेगळ्या गतीने वर तरंगू लागतात. ज्यांत चरबी जास्त व प्रथिन कमी ते हलके. प्रथिन जास्त ते जड. एलडीएल म्हणजे कमी घनतेचे, एचडीएल म्हणजे अधिक घनतेचे, ही आजची नावे या तरंगण्याच्या हिशेबातूनच आलेली आहेत. १९५० साली गॉफमन यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि हलक्या कणांकडे धमनीकाठिण्याचे कारण म्हणून बोट दाखवले.

जड कणांची कीर्ती थोडी उशिरा पसरली. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड बार आणि त्यांचे सहकारी यांना १९५१ मध्येच असे आढळले होते की हृदयरोग्यांच्या रक्तात हे जड कण कमी असतात. परंतु त्या निरीक्षणाकडे जवळजवळ पाव शतक कोणी गंभीरपणे पाहिले नाही. १९६८ मध्ये जॉन ग्लॉमसेट यांनी अशी कल्पना मांडली की एचडीएल ऊतींमध्ये साठलेले जादा कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे परत नेते आणि तेथून त्याचा निचरा होतो. १९७५ मध्ये मिलर आडनावाच्या दोन ब्रिटिश संशोधकांनी तिला हृदयविकाराशी जोडले, आणि १९७७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील फ्रॅमिंगहॅम येथील लोकांवर १९४८ पासून चाललेल्या प्रदीर्घ पाहणीने त्यावर शिक्कामोर्तब केले. एचडीएल जितके अधिक, तितका झटक्याचा धोका कमी; पुढील हिशेबांत तर एचडीएलमधील प्रत्येक मिलिग्रॅमच्या वाढीमागे धोका दोन-तीन टक्क्यांनी उतरतो असे प्रमाणही बसले. एवढा सुसंगत पुरावा हाती आल्यावर हा आकडा औषधाने वाढवला की हृदय वाचेल, हे अनुमान इतके स्वाभाविक वाटले की त्याला कोणी अनुमान म्हणेचना. ते वस्तुस्थिती म्हणून ग्रंथांत रूढ झाले.

याच सुमारास दुसरे एक गाव शास्त्रज्ञांच्या नजरेस आले. उत्तर इटलीत गार्दा सरोवराच्या पश्चिम तीरावर उभ्या कड्यांच्या पायथ्याशी लिमोने नावाचे गाव आहे. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या आरंभापर्यंत त्याला पक्का रस्ता नव्हता; जायचे तर होडीने किंवा डोंगरवाटेने. मिलान विद्यापीठातील चेझारे सिर्तोरी यांच्याकडे १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास या गावचा एक गृहस्थ तपासणीसाठी आला, आणि त्याच्या रक्तातील आकडे पाहून ते थक्क झाले. एचडीएल अत्यंत कमी, ट्रायग्लिसराइड पुष्कळ वाढलेले; ग्रंथांतील नियमांप्रमाणे त्याचे हृदय केव्हाच दगावायला हवे होते. तो ठणठणीत होता. त्याच्या घराण्यातही हृदयविकाराचा मागमूस नव्हता. सिर्तोरी आणि ग्विदो फ्रान्चेस्किनी यांनी शोध पुढे नेला तेव्हा एचडीएलच्या मुख्य प्रथिनात, ज्याला एपो-ए-१ म्हणतात आणि ज्यात २४३ अमिनो आम्ले एका साखळीत गुंफलेली असतात, त्यातील १७३ व्या जागी आर्जिनिनऐवजी सिस्टीन आहे, एवढाच फरक सापडला. मग जवळजवळ हजार वस्तीच्या त्या सबंध गावाचे रक्त तपासण्यात आले, आणि सुमारे चाळीस जणांत हा बदल आढळला. चर्चच्या जन्म-विवाहांच्या नोंदवह्या उलगडल्या तेव्हा ते सर्व एकाच मूळपुरुषाचे वंशज निघाले, जो १७८० साली जन्मला होता.

या प्रथिनाला ‘मिलानो’ हे नाव मिळाले आणि त्याच्याभोवती मोठी आशा गोळा झाली. एचडीएल कमी असूनही ज्यांचे हृदय सुरक्षित आहे, त्यांचे प्रथिन अंगी काही विशेष गुण बाळगून असले पाहिजे, असा तर्क होता. लॉस एंजेलिस येथील सीडार्स-सायनाय रुग्णालयातील प्रेडिमन शाह यांनी ते प्राण्यांना टोचले, तेव्हा धमन्यांतील चरबीचे थर ओसरताना दिसले. २००३ मध्ये क्लीव्हलँडच्या स्टीव्हन निसेन यांनी ४७ रुग्णांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठवड्यातून एकदा, अशा पाच वेळा हे प्रथिन शिरेतून दिल्यावर हृदयाच्या धमनीतील साठ्याचे आकारमान सुमारे चार टक्क्यांनी घटले होते. पाच आठवड्यांत एवढा पालट यापूर्वी कोणी पाहिला नव्हता. हे औषध बनवणारी कंपनी फायझरने १३० कोटी डॉलर मोजून विकत घेतली. परंतु ४७ रुग्ण म्हणजे फार थोडे, हे तेव्हाच अधिक ठासून सांगायला हवे होते. पुढे नव्याने तयार केलेल्या त्याच प्रथिनाची चाचणी, आधुनिक औषधे आधीच घेत असलेल्या रुग्णांवर झाली आणि २०१६ मध्ये तिचा निकाल लागला : औषध मिळालेल्यांत आणि न मिळालेल्यांत काहीच लक्षणीय अंतर नव्हते. काम तेथेच थांबले.

दरम्यान फायझरच्याच दुसऱ्या एका औषधाने याहून मोठा आघात केला होता. रक्तात सीईटीपी नावाचे एक प्रथिन असते, जे एचडीएलमधील कोलेस्टेरॉल इतर कणांत हलवते आणि त्यांच्याकडील ट्रायग्लिसराइड एचडीएलमध्ये आणते. हे प्रथिन थोपवले तर कोलेस्टेरॉल एचडीएलमध्येच राहील, या विचारातून टॉरसेट्रापिब तयार झाले. पंधरा हजारांहून अधिक रुग्णांवर त्याची चाचणी चालू असता २ डिसेंबर २००६ रोजी ती तडकाफडकी बंद करण्यात आली. एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढले होते, एलडीएल पाव हिश्शाने उतरले होते. आणि मृत्यू मात्र औषध घेणाऱ्यांत ९३ व न घेणाऱ्यांत ५९ होते. औषधाने रक्तदाब वाढत होता आणि अल्डोस्टेरॉन हे संप्रेरकही चढत होते, असे नंतर स्पष्ट झाले; त्यामुळे सारा दोष त्या एका रसायनावर टाकून मूळ कल्पना वाचवता येईल असे काही काळ पुष्कळांना वाटले. पण त्याच जातीची, हा दोष नसलेली पुढची औषधेही २०१२ आणि २०१५ मध्ये निष्फळ ठरली. नायॅसिन हे जुने जीवनसत्त्व एचडीएल वाढवण्यासाठी वर्षानुवर्षे दिले जात होते. तेही मोठ्या चाचण्यांत टिकले नाही.

येथे तिसऱ्या गावाची आठवण करावी लागते, कारण त्याची साक्ष हा सगळा पैसा ओतण्याआधी घेतली गेली असती तर बरे झाले असते. जपानच्या उत्तर भागातील आकिता प्रांतात ओमागारी नावाचे ठिकाण आहे. तेथील पुष्कळ लोकांत सीईटीपी हे प्रथिन जन्मतःच निकामी असते आणि त्यांचे एचडीएल फार चढलेले असते. म्हणजे औषधाने जे साधायचे होते ते निसर्गाने तेथे आधीच करून ठेवलेले होते. ओसाकाच्या संशोधकांनी १९९७ मध्ये असे दाखवून दिले की या लोकांना दीर्घायुष्य लाभलेले नाही आणि हृदयविकारापासून विशेष अभयही मिळालेले नाही. टॉरसेट्रापिबच्या पतनाला त्या वेळी नऊ वर्षे अवकाश होता.

जन्मजात फरकांची अशी साक्ष घेणे हाच या विषयातील सर्वांत भरवशाचा मार्ग आहे, असे माझे मत होत चालले आहे. ज्याचे एचडीएल कमी असते तो माणूस पुष्कळदा स्थूलही असतो, तंबाखू ओढणाराही असतो, मधुमेहाच्या उंबरठ्यावरही असतो. तेव्हा त्याच्या हृदयविकाराचा दोष नेमका कोणाच्या माथी मारायचा हे नुसत्या पाहणीवरून कळत नाही. परंतु आईबापांकडून मिळालेले जनुक गर्भधारणेच्या क्षणीच ठरते; पुढच्या आयुष्यातील सवयींशी त्याचा संबंध नसतो. २०१२ मध्ये लाखाहून अधिक लोकांच्या जनुकांची रुजवात घालून हे पाहिले गेले. एका विशिष्ट फरकामुळे ज्यांचे एचडीएल जन्मापासून साडेपाच मिलिग्रॅमने अधिक होते, त्यांचा धोका जुन्या हिशेबाप्रमाणे तेरा टक्क्यांनी कमी असायला हवा होता. तो तिळमात्र कमी नव्हता.

हीच कसोटी एलडीएलला लावली की उत्तर अगदी उलट येते, आणि हीच गोष्ट मला सर्वांत पटणारी वाटते. पीसीएसके-९ नावाचे प्रथिन यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडणारे जे ग्राहक (रिसेप्टर) असतात ते नष्ट करते. हे ग्राहक शोधून काढल्याबद्दल डॅलसचे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्याच डॅलसमध्ये हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांना असे आढळले की ज्या कृष्णवर्णीय अमेरिकनांत हे पीसीएसके-९ जन्मतःच अंशतः निकामी आहे, त्यांचे एलडीएल २८ टक्क्यांनी कमी असते आणि हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी. आयुष्यभराची ही घट कोणत्याही वयात सुरू केलेल्या औषधापेक्षा प्रभावी होती. यावर आधारलेली औषधे २०१५ पासून बाजारात आली आणि ती रुग्णांना उपयोगी पडत आहेत. निसर्गाच्या एकाच न्यायसभेपुढे दोन आरोपपत्रे दाखल झाली. एलडीएलविरुद्धचे सिद्ध झाले, आणि एचडीएल कमी असण्याविरुद्धचे टिकले नाही.

मग एचडीएल काहीच करत नाही काय? टँजिअरच्या मुलांच्या नारिंगी गाठी तसे म्हणू देत नाहीत. १९९९ मध्ये तीन स्वतंत्र गटांनी त्या रोगाचे कारण शोधून काढले : एबीसीए-१ नावाचे प्रथिन, जे पेशीच्या आवरणात बसून आतील जादा कोलेस्टेरॉल बाहेर ढकलते आणि तेथे थांबलेल्या एपो-ए-१ च्या हवाली करते, ते या मुलांत काम करत नव्हते. कोलेस्टेरॉल पेशीतच अडकून पडे, आणि रिकामे राहिलेले एपो-ए-१ मूत्रपिंडावाटे लवकर नष्ट होई. निचऱ्याची व्यवस्था खरी आहे आणि तिचे महत्त्वही खरे आहे. चूक झाली ती मोजण्यात. तपासणीच्या कागदावरचा आकडा त्या क्षणी एचडीएल कणांत किती कोलेस्टेरॉल आहे एवढेच सांगतो. आणि जकातनाक्यावर उभ्या असलेल्या गाड्यांतील माल मोजून दिवसभरात किती खेपा झाल्या, किती माल खरोखर पोचता झाला, हे जसे सांगता येत नाही, तसेच या आकड्यावरून निचऱ्याचा वेग सांगता येत नाही. ओमागारीत गाड्या भरून उभ्या होत्या. लिमोनेत थोड्या गाड्या, पण त्यांतील माल हलत होता, असा निदान पहिल्या संशोधकांचा समज होता. आता काही संशोधक रुग्णाचे रक्तजल घेऊन ते पेशींतून किती कोलेस्टेरॉल उचलते हे प्रत्यक्ष मोजतात. या मोजमापाचे हृदयविकाराशी असलेले नाते जुन्या आकड्यापेक्षा अधिक घट्ट आहे, असे डॅनियल रेडर यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवले. तरीही निचरा वाढवणारे उपचार अजून यशस्वी झालेले नाहीत. मनुष्याच्या रक्तापासून मिळवलेले एपो-ए-१ झटक्यानंतर लगेच टोचण्याची एक चाचणी १८,००० हून अधिक रुग्णांवर झाली, आणि २०२४ मध्ये तिच्या निकालातही पहिल्या नव्वद दिवसांत निर्णायक लाभ दिसला नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या एका मोठ्या पाहणीत महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगड येथील लोकांची रक्ते तपासली गेली, आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे त्यांतील ७२.३ टक्के लोकांचे एचडीएल कमी होते, २९.५ टक्क्यांचे ट्रायग्लिसराइड वाढलेले होते, तर एलडीएल वाढलेले केवळ ११.८ टक्क्यांत आढळले. जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांत जे कमी आहे ते कमी असण्याचे कारण काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांचे काम येथे उपयोगी पडते. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालके सरासरी २.७ किलो वजनाची असतात, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची, परंतु आपल्या बालकांत स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून राहिलेली आढळते. २००४ मध्ये याज्ञिकांनी आपले आणि आपले इंग्रज स्नेही जॉन यडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३, पण शरीरातील चरबी यडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पोटात आणि यकृतात साठलेल्या अशा चरबीमुळे इन्सुलिनचा अंमल शिथिल होतो, यकृत ट्रायग्लिसराइडने लादलेले कण अधिक प्रमाणात रक्तात सोडते, सीईटीपी ते ट्रायग्लिसराइड एचडीएलमध्ये आणून भरते, आणि असे ट्रायग्लिसराइडयुक्त एचडीएल लहान होऊन मूत्रपिंडावाटे लवकर निघून जाते. आकडा उतरतो. म्हणजे आपल्याकडे कमी एचडीएल ही पुष्कळदा पुढे येऊ घातलेल्या मधुमेहाची आगाऊ वर्दी असते, आणि वर्दी देणाऱ्याला औषध घालून काही साधत नाही.

म्हणूनच रक्ततपासणीच्या कागदाचे वाचन थोडे निराळे करावे लागते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केले की उरते ते धमन्यांत शिरू शकणाऱ्या सर्व कणांतील कोलेस्टेरॉल. ट्रायग्लिसराइड वाढलेल्या माणसाच्या बाबतीत ही वजाबाकी नुसत्या एलडीएलपेक्षा अधिक खरे बोलते, आणि तिला वेगळा पैसाही पडत नाही. त्याहून नेमकी चाचणी एपो-बी या प्रथिनाची आहे. यकृतातून निघालेल्या अशा प्रत्येक कणावर या प्रथिनाचा एक आणि एकच रेणू असतो, त्यामुळे एपो-बी मोजणे म्हणजे कण मोजणेच होय. मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत ही चाचणी होते. ज्यांच्या घराण्यात तरुणपणीच झटका येऊन कोणी गेले आहे, ज्यांचे पोट सुटलेले आहे किंवा साखर सीमेवर आहे, त्यांनी ‘चांगले कोलेस्टेरॉल’ कसे वाढेल असे विचारण्याऐवजी आपल्या डॉक्टरांशी या दोन आकड्यांविषयी बोलावे; आणि कमरेचा घेर उतरवण्यासाठी चालणे, आहार व वजन यांचा जो सल्ला ते देतील तो पाळावा, मग एचडीएलचा आकडा त्याने दोन अंशांनी चढो अथवा जागच्या जागी राहो.